ऊब आणि ओल : सर्पसंगोपनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मंडणगड तालुक्यातल्या जुन्या कौलारू घरात माळ्यावर सापाची कात मिळणं ही काही बातमी नव्हे. भाताची कणगी, गोठ्यातला पेंढा, न्हाणीमागे रचलेली लाकडं, चिऱ्यांच्या गडग्यातल्या फटी. जिथे उंदीर तिथे धामण, आणि उंदरांची पिल्लं असतील तिथे तस्कर. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जॉर्जिया-फ्लोरिडाच्या बाजूला, मक्याच्या कोठारांभोवती हाच उद्योग करणारा एक तांबूस-नारिंगी साप आहे. त्याचं नाव कॉर्न स्नेक. लिनियसने १७६६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तीन ते पाच फूट लांब, बिनविषारी, भक्ष्याला विळखा घालून मारणारा आणि स्वभावाने बराचसा निवांत. या गुणांमुळे तो जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक झाला. साप बंदिवासात कसा ठेवावा, त्याची वीण कशी घ्यावी, याबद्दल आज जे नीट ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या एका जातीवर शिकून मिळालेलं आहे.

म्हणून विषयाची सुरुवात कॉर्न स्नेकपासून करणं सोयीचं. पण विषय त्याच्यापुरता नाही. वनखात्याच्या ताब्यात आलेला जखमी अजगर, प्राणीसंग्रहालयातला नाग, सर्पमित्राने रात्री बरणीत भरून आणलेली मण्यार, किनाऱ्यावर कुंपणात पुरलेली कासवाची अंडी, या सगळ्यांपाशी प्रश्न एकच असतो. ज्या प्राण्याला अंगाची ऊब बाहेरून घ्यावी लागते, त्याची ऊब ठरवण्याचं काम माणसाच्या हाती आलं, तर ते त्याने कसं पार पाडायचं? हे शिकायला घरात साप पाळावा लागत नाही. भारतातल्या वाचकाने तर तो पाळूच नये, असं माझं मत आहे. त्याची कारणं ओघात येतील.

कोकणातल्या वाचकाला हा परका साप वाटायचं कारण नाही. आपला तस्कर आणि कॉर्न स्नेक, दोघेही या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ‘एलाफे’ या एकाच प्रजातीत गणले जात. पुढे शरीररचना आणि जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा तस्कर ‘कोइलोग्नाथस’मध्ये गेला आणि कॉर्न स्नेक ‘पँथेरोफिस’मध्ये. नाती जरा लांबची निघाली, पण राहणी सारखीच राहिली. दोघेही अंडी घालतात, दोघांचं मुख्य अन्न उंदीर, दोघेही माणसाच्या धान्याच्या आसऱ्याने राहतात, आणि हात लावला तर मान इंग्रजी ‘एस’सारखी वळवून चावण्याचा आव आणतात. मंडणगडच्या गडग्यात तस्कर पाहिलेल्या माणसाला कॉर्न स्नेकवरचं कुठलंही पान निम्मं आधीच समजलेलं असतं.

आपल्याकडे सापांविषयीच्या नोंदी मात्र मारण्यापासून सुरू होतात. रत्नागिरी जिल्हा एकोणिसाव्या शतकात फुरशांसाठी बदनाम होता आणि सरकार मेलेल्या फुरशामागे बक्षीस देई. डिसेंबर १८६२ मध्ये थोड्याच दिवसांत एक लाख पंधरा हजारांहून अधिक फुरशी बक्षिसासाठी हजर झाल्याची नोंद आहे. हा आकडा पुढे आणला तो जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्याने. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली मोठी यादीही त्याचीच. त्याच्यानंतर फ्रँक वॉल हा लष्करी डॉक्टर आला. मेलेला प्रत्येक साप तो चिरून बघे, मादीच्या पोटात अंडी किती, कोणत्या महिन्यात, केवढी, हे टिपून ठेवी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापी. भारतीय सापांच्या विणीबद्दल आपण आज जे बोलतो त्याचा पाया या चिरफाडीत आहे. जिवंत सापापासून शिकणं फार उशिरा आलं.

तेही आलं विषाच्या गरजेपोटी. परळच्या हाफकिन संस्थेत प्रतिविष बनवायला विष लागे आणि विषासाठी साप जिवंत ठेवावे लागत. डॉ. पी. जे. देवरस यांनी तिथल्या सर्पालयातल्या सापांचा आणि त्यांच्यापासून मिळणाऱ्या विषाचा पद्धतशीर अभ्यास केला. भारतातल्या सापांवरचं त्यांचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढलं. पुण्यात १९८६ मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं आणि साप पाहायला, समजून घ्यायला शाळेच्या सहली जाऊ लागल्या. तिकडे चेन्नईजवळ १९७८ मध्ये इरुळा लोकांची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली. तिची पद्धत या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. साप मातीच्या मडक्यात ठेवतात, तोंडाला सुती फडकं बांधतात, तीनेक आठवडे ठेवून आठवड्याला एकदा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि पुन्हा रानात सोडतात. मडक्याची माती पाझरते म्हणून आत गारवा आणि ओल टिकते, अंधारामुळे साप घाबरा होत नाही, फडक्यातून हवा खेळते. आजच्या महागड्या प्लॅस्टिकच्या पेट्या याहून वेगळं काही साधत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे. साप स्वतःची ऊब तयार करत नाही, हे शाळेत शिकवतात. पण त्याचा अर्थ तो गार असतो असा नव्हे. तो ऊब निवडतो. दुपारी तापल्या चिऱ्याखाली सरकतो, रात्री कणगीच्या तळाशी जातो, अन्न गिळलं की उबेला येतो, कारण उबेशिवाय पचन होत नाही. पेटीत ठेवल्यावर त्याची ही निवड आपण काढून घेतो, आणि ती परत देणं हे संगोपनाचं पहिलं काम. कॉर्न स्नेकच्या पेटीचं एक टोक साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअस, दुसरं २४ अंशांच्या आसपास ठेवतात. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. एकाच टोकाला आडोसा दिला तर साप ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडतो. बहुतेक वेळा सुरक्षितता निवडतो, मग खाल्लेलं ओकतो, आणि मालक म्हणतो साप आजारी आहे. ऊब देणाऱ्या गादीला थर्मोस्टॅट नसेल तर पोट भाजतं. सापाच्या पोटाकडच्या कातडीला ती वेदना वेळेवर कळत नाही असं दिसतं. भाजेपर्यंत तो तिथेच पडून राहतो.

बाकीचं थोडक्यात सांगून होतं. पेटीचं झाकण घट्ट हवं, कारण हा साप जिथे डोकं घुसेल तिथून अख्खा निघतो. तळाला देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातली तेलं त्याला बाधतात. मेलेला, गोठवून पुन्हा कोमट केलेला उंदीर घालावा, जिवंत नव्हे, कारण कोंडलेला उंदीर सापालाच कुरतडतो. पिल्लाला आठवड्याला एकदा, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी. जेवण झाल्यावर दोन दिवस हात लावू नये. नीट ठेवलेला कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षं जगतो. दहावीतल्या मुलाने हौसेने आणलेला साप त्याच्या लग्नालाही घरात असतो, हे घरच्यांनी आधी समजून घेतलेलं बरं.

ओलीबद्दल मात्र थांबावं लागेल, कारण इथे परदेशी पुस्तकं आपल्याला चुकवतात. ती लिहिली गेली युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यात तापवलेल्या, कोरड्या घरांसाठी. त्यांत सारखं सांगितलेलं असतं: पाणी शिंपडा, ओलं शेवाळ ठेवा, नाहीतर कात तुकड्यातुकड्यांनी निघेल आणि डोळ्यांवरची पापुद्री अडकेल. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैत इथे चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. अशा हवेत तेच पुस्तक वाचून कोणी पेटीत पाणी शिंपडलं तर पोटाचे खवले सडतात आणि फुप्फुसाचा विकार होतो. साप तोंड उघडून, मान वर करून श्वास घेऊ लागतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने प्रश्न हवा खेळती ठेवण्याचा असतो आणि कोरड्या महिन्यांत तो उलटतो. आकडे पुस्तकातून घ्यावेत, पण ते आपल्या गावच्या हवेवर तपासूनच. एक साधं थर्मामीटर आणि एक आर्द्रतामापक यांवर जो खर्च करत नाही त्याने पुढे वाचू नये.

विणीचा भाग सर्वांत सुरस, आणि गैरसमजांनी सर्वांत भरलेला. मे महिन्यात, वळवाच्या आगेमागे, दोन धामणी एकमेकींना पीळ घालून जमिनीपासून हातभर वर उठलेल्या दिसतात. गावात लोक लांब उभे राहतात, कोणी त्यांच्यावर धुतलेलं वस्त्र टाकायला धावतो, कोणी हात जोडतो. नाग-धामणीचा जुळा, असंही सांगतात. ते दोघेही धामणच असतात, आणि दोघेही नर. ती ताकदीची झुंज आहे. एकाने दुसऱ्याचं डोकं जमिनीला टेकवायचं. खरं मीलन शांत असतं, जमिनीलगत चालतं आणि क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतं. नर-मादी ओळखायचे तर शेपटीकडे पाहावं लागतं. नराचं दुहेरी जननांग शेपटीच्या मुळाशी आत वळलेलं असतं, म्हणून ती लांबट आणि मुळाशी जाड दिसते. खात्री करायला सळई घालून तपासतात, पण ते शिकलेल्या हाताचंच काम.

कॉर्न स्नेकच्या मुलखात हिवाळा खरा असतो, म्हणून त्याच्या विणीला थंडीची खूण लागते. पाळणारे त्याला दोन-तीन महिने अंधारात, साधारण १० ते १५ अंशांवर, उपाशी ठेवतात. त्याआधी पोट पूर्ण रिकामं करावं लागतं, नाहीतर आतलं अन्न सडून साप मरतो. वसंतात ऊब वाढवली की पहिली कात पडते आणि नर मादीच्या मागे लागतो. मादी तीन वर्षांची, तीन फुटांची, तीनशे ग्रॅमची होईपर्यंत तिला विणीला लावू नये, असा जुना ठोकताळा आहे. तो मोडणाऱ्यांच्या माद्या अंडं अडकून मरतात. अंडी घालण्याआधी ती एक कात टाकते. त्यानंतर दहाएक दिवसांत, ओलं शेवाळ भरलेल्या खोक्यात, दहा ते तीस अंडी. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं. ते चिवट असतं आणि पाणी शोषतं. घातल्यावर अंडी एकमेकांना चिकटतात. ती वेगळी करायला जाऊ नये.

आणि फिरवायला तर मुळीच जाऊ नये. कोंबडी अंडी उलटसुलट करत राहते, म्हणून माणसाला वाटतं सगळी अंडी तशीच. पक्ष्याच्या अंड्यात गर्भाला तरंगत ठेवणारे पीळदार दोर असतात. सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंड्यात ते नसतात. गर्भ लवकरच वरच्या बाजूला कवचाला टेकतो आणि तिथेच वाढतो. नंतर अंडं उलटं केलं की वरच्या बलकाच्या भाराने तो दबतो. म्हणून अनुभवी माणूस अंडं उचलण्याआधी पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करतो आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवतो. व्हर्मिक्युलाइट या ओल धरणाऱ्या खनिजात, २६ ते २९ अंशांवर, साधारण दोन महिने. त्याहून फार तापलं तर पिल्लं वाकड्या कण्याची निघतात. पिल्लू नाकाच्या टोकावरच्या इवल्या दाताने कवच चिरतं आणि दिवसभर तसंच डोकं बाहेर काढून बसतं. त्याला ओढून काढणारे हात पुष्कळ, आणि त्यांच्या हाती मेलेली पिल्लंही पुष्कळ. आत उरलेला बलक शोषून घ्यायला त्याला तो वेळ लागतो.

नेमकी हीच विद्या मंडणगड तालुक्यात दोन दशकांहून अधिक काळ उघड्यावर, समुद्राच्या वाळूत चालू आहे. वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. बाणकोटच्या किल्ल्याच्या दक्षिणेला. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. तोवर अंडी माणसं, कुत्री आणि कोल्हे यांच्या पोटात जात. पद्धत अशी. पहाटे किनाऱ्यावर मादीच्या परतीच्या खुणा शोधायच्या, घरटं उकरायचं, शंभरेक अंडी न फिरवता, न हिंदकळवता, काही तासांच्या आत कुंपणात आणायची आणि मादीने खणला तसाच, तळाला फुगीर आणि तोंडाला अरुंद, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरायची. काही तासांच्या आत हे महत्त्वाचं, कारण गर्भ कवचाला टेकायच्या आधीच अंडं हलवायला हवं. पुढे दीड-दोन महिन्यांनी घरट्यावर टोपली ठेवतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलली की खाली पिल्लांची वळवळ दिसते. २००६ पासून इथे कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात. सोलकढी-मोदक खाऊन परतणाऱ्या पाहुण्याला आपण सरीसृपांच्या उबवणीचा एक शास्त्रशुद्ध प्रयोग पाहिला याची कल्पना नसते. ती असावी असं मला वाटतं.

सापाचं आणि कासवाचं अंडं इथे एका मुद्द्यावर वेगळं पडतं, आणि विद्यार्थ्याने तो मुद्दा पक्का करावा. सापाच्या पिल्लाचं लिंग गुणसूत्रं ठरवतात. समुद्री कासवाचं लिंग वाळूची ऊब ठरवते: तीस अंशांच्या थोडी खालची ऊब असेल तर नर-मादी मिसळ, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात, गार वाळूत नर. त्यामुळे कुंपण सावलीत घ्यायचं की उन्हात, हा वेळासच्या कासवमित्राचा निर्णय पुढच्या पिढीतल्या नर-माद्यांचं प्रमाण ठरवतो. अजगराची गोष्ट आणखी निराळी. मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते, म्हणजे ऊब न बनवणाऱ्या प्राण्यांत ती एक अपवाद. आणि फुरसं, घोणस, हरणटोळ, चापडा हे तर अंडी घालतच नाहीत, जिवंत पिल्लं देतात. तेव्हा ‘सापाची अंडी’ असं सरसकट बोलणारा अभ्यासक अजून पहिल्याच पायरीवर आहे.

कॉर्न स्नेकने विज्ञानाला आणखी एक गोष्ट दिली. बर्नार्ड बेक्टल या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने पत्नी एलिझाबेथसह १९६२ मध्ये दाखवून दिलं की या सापातला अल्बिनोपणा, म्हणजे काळ्या रंगद्रव्याचा अभाव, मेंडेलच्या वाटाण्याच्या नियमाने चालतो. अल्बिनो आणि साधा यांची सगळी पिल्लं साधी, पण त्या पिल्लांच्या आपसातल्या विणीत चारातलं एक अल्बिनो. प्रयोग सुरेख होता. त्यातून जो बाजार उभा राहिला तो मला तितका सुरेख वाटत नाही. रंगाच्या शेकडो तऱ्हा, प्रत्येकीला दुकानी नाव, आणि भाऊ-बहिणींची वीण पिढ्यान्‌पिढ्या. खवलेच नसलेले सापही आता विकायला आहेत. खवला हे सापाला खरचटण्यापासून वाचवणारं आवरण. ते काढून टाकण्यात कौतुक कसलं?

या बाजाराची शाखा मुंबईपर्यंत आलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले अकरा साप पकडले: नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. बॉल पायथन ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. कॉर्न स्नेक नाही. त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात आलेली आणि २०२४ च्या नियमांनी पक्की केलेली परदेशी प्राण्यांची नोंदणी बॉल पायथनला लागते, कॉर्न स्नेकला लागत नाही. पण नोंदणी लागत नाही म्हणजे परवानगीविना आणता येतो, असा अर्थ विक्रेते काढतात तो चूक. जिवंत प्राण्याच्या आयातीला आयात धोरण आणि विलगीकरणाचे नियम आहेतच. शिवाय पळालेला कॉर्न स्नेक बहामा, केमन आणि व्हर्जिन बेटांवर रुजलेला आहे. उबदार, दमट, उंदरांनी भरलेलं कोकण त्याला नापसंत पडायचं कारण मला दिसत नाही. धामण-तस्करांच्या वाट्याचे उंदीर आणि परदेशी परजीवी, दोन्हींचा विचार करता हा साप इथे नको.

देशी साप ठेवण्याचा तर प्रश्नच नाही. १९७२ च्या कायद्याने तो पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम २(१६) मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणं, ती हलवणं हेही येतं. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीतलं नाग पकडणं उच्च न्यायालयाने २००२ मध्ये थांबवलं ते याच कायद्याखाली. हे सर्पमित्रांनाही लागू आहे. उत्साहाने घरी अंडी उबवून पिल्लांचे फोटो टाकणाऱ्याने वनखात्याला कळवलेलं नसेल तर त्याचं काम कितीही नेटकं असलं तरी बेकायदाच. माझ्या मते या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी सरळ वाटा तीन आहेत: पशुवैद्यकाचं शिक्षण, मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालय किंवा बचाव केंद्रातली उमेदवारी, आणि हंगामात वेळाससारख्या किनाऱ्यावरचं काम. तिसरीला पदवी लागत नाही, पहाटे उठावं लागतं.

पुढची प्रकरणं याच क्रमाने वाचावीत: ऊब, ओल, अन्न, आजार, वीण, उबवणी. आजारांचं प्रकरण टाळून विणीकडे उडी मारू नये. आणि वाचता वाचता, मार्च ते जूनच्या दरम्यान, लाकडं उपसताना किंवा गडगा पाडताना चिकटलेल्या पांढऱ्या लांबट अंड्यांचा घोस दिसलाच, तर तो उचलू नका, उलटा करू नका. वरून पालापाचोळा पूर्वीसारखा टाका, त्या बाजूचं काम थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.